भार स्प्रिंगने पेलायचा, शॉकअपने नव्हे

पिकअप ट्रकचे पुढचे टोक खाली बसले की त्यावर हवेचे शॉकअप बसवण्याचा सल्ला अमेरिकेत सर्रास दिला जातो. विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात पिकअपच्या तोंडाला बर्फ लोटायचा फाळ, म्हणजे स्नोप्लाउ, जोडतात. कोणी पुढे जड लोखंडी बंपर आणि विंच लावतो. कोणाच्या जुन्या गाडीच्या कॉइल थकलेल्या असतात. प्रत्येक वेळी इलाज एकच सुचवला जातो: जुने शॉकअप काढा, त्याच भोकांत हवेचे बसवा, पंपाने हवा भरा, गाडी उचलली जाईल. हा सल्ला स्वस्त आहे, सोपा आहे आणि लगेच फळ दाखवतो. पुढच्या सस्पेन्शनसाठी मात्र तो चुकीचा आहे. ज्या कामासाठी तो दिला जातो, नेमक्या त्याच कामात तो उणा पडतो आणि जाताना गाडीच्या एका अशा भागावर बोजा टाकून जातो, जो त्या बोजासाठी घडवलेलाच नाही.

हवेचा शॉकअप म्हणजे साध्या तेलाच्या शॉकअपभोवती घातलेली रबरी बाही. बाहीचे एक तोंड वरच्या आवरणाला आणि दुसरे खालच्या नळकांड्याला आवळलेले असते. मधल्या पोकळीत हवा भरली की ती दोन्ही टोकांना एकमेकांपासून दूर ढकलते. आत तेल, पिस्टन आणि झडपा नेहमीसारख्याच असतात. म्हणजे एकाच वस्तूत दोन कामे कोंबलेली आहेत. तेलाचा भाग हेलकावे शमवतो आणि हवेचा भाग वजन उचलतो. बहुतेक उत्पादनांत हवेचा दाब २० पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नका आणि १५० च्या आसपास थांबा, असे सांगितलेले असते. किमान मर्यादा असते ती बाही दुमडून चिमटली जाऊ नये म्हणून.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे मुळात वेगळी आहेत. उभ्या गाडीचे वजन पूर्णपणे स्प्रिंगवर असते, मग ती कॉइल असो, कमानीचे पाटे असोत की टॉर्शन बार. गाडी उभी असताना साधा शॉकअप जवळजवळ काहीच करत नाही. त्याचा जोर गतीवर अवलंबून असतो. चाक वरखाली होऊ लागले की पिस्टन तेलातून रेटला जातो, त्या हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हेलकावा मरतो. हालचाल थांबली की जोरही संपला. स्प्रिंगच्या बसणी आणि त्यांना धरणारा चासीचा भाग कायम वजन पेलण्यासाठी घडवलेले असतात. शॉकअपची टोके घडवलेली असतात ती येणाऱ्या-जाणाऱ्या, क्षणिक धक्क्यांसाठी. वर बहुधा रबरी वॉशरांतून गेलेला दांडा आणि नट असतो, खाली डोळा आणि बोल्ट.

इथे समर्थकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद येतो. ते म्हणतात, खड्ड्यात चाक आदळले की शॉकअप शेकडो पौंडांचा जोर देतो आणि त्याची ब्रॅकेट तो वर्षानुवर्षे सोसते. मग हवेचे चारपाचशे पौंड तिला जड का जावेत? आकड्यांपुरता हा मुद्दा खोटा नाही. पण त्यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे दिशा. बहुतेक शॉकअपमध्ये झडपांचा मोठा जोर चाक खाली जाताना, म्हणजे ताणाच्या बाजूने लागतो आणि दाबाच्या बाजूने तो कमी ठेवलेला असतो. हवा मात्र सतत दाबाच्याच बाजूने, वर ढकलत राहते. दुसरी गोष्ट काळ. धक्का सेकंदाच्या अंशात येतो आणि जातो. हवेचा रेटा गाडी उभी असतानाही चालू असतो. धातूच्या थकव्याचा जुना नियम असा की बदलत्या ताणाच्या तळाशी कायमचा ताण असेल तर तोच बदलता ताण धातूला लवकर तडे पाडतो. ब्रॅकेटवरचे धक्के तेच राहतात, त्यांच्या खाली एक स्थिर ओझे येऊन बसते आणि आयुष्य कमी होते.

हिशेबच मांडायचा तर बाहीचे परिणामी क्षेत्रफळ चार चौरस इंच धरू. १०० पीएसआयला एक शॉकअप ४०० पौंडांनी, म्हणजे सुमारे १८० किलोंनी, ढकलतो. आता हवेच्या कप्प्याची परिणामी उंची सहा इंच असताना चाक तीन इंच वर आले, तर हवेला अर्ध्या जागेत मावावे लागते. हे इतक्या झटकन होते की उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही आणि दाब दुपटीहून बराच जास्त चढतो. गणिताने तो २९० पीएसआयच्या घरात जातो आणि ४०० पौंडांचा जोर साडेअकराशे पौंडांच्या आसपास पोचतो. तोही त्याच दांड्यावर, त्याच नटावर, त्याच ब्रॅकेटवर. मूळ आरेखनात अशा आदळीचा जोर घेण्यासाठी स्प्रिंग असते आणि शेवटच्या इंचात बंप स्टॉपचे रबर असते. ते रबर चासीच्या जाड भागावर टेकते. हवेच्या शॉकअपने तो जोर तिथून उचलून चासीला वेल्ड केलेल्या पातळ पत्र्याच्या कानावर नेऊन ठेवला.

जुन्या फाळवाल्या पिकअपखाली उताणे पडून पाहिले की त्या कानाची अवस्था समजते. वेल्डच्या कडेने रंग उडालेला असतो आणि तिथून गंजाची एक बारीक तपकिरी रेघ खाली ओघळलेली असते. रेघ पुसून पाहिले तर खाली केसाएवढी चीर सापडते. बोल्टचे भोक गोल राहिलेले नसते, उभे लांबट झालेले असते, आणि बोल्ट हाताने हलवला तरी टकटक आवाज करतो. बोल्ट एकाच बाजूने धरलेला असेल, म्हणजे ब्रॅकेटमधून बाहेर आलेल्या खुंटीवर शॉकअपचा डोळा अडकवलेला असेल, तर खुंटी वाकलेली दिसते. रस्त्यावर टाकलेले मीठ हा ऱ्हास आणखी वेगाने करते. अमेरिकेत बर्फ जिथे पडतो तिथे बहुतेक ठिकाणी मीठही पडते. हा बोजा ज्या गाड्यांवर सर्वाधिक लादला जातो, त्याच गाड्यांचा पत्रा आधी खाल्लेला असतो.

भोके जुळली म्हणजे वस्तू जुळली, असे समर्थक धरून चालतात. चारचाकी ओढीच्या आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत शॉकअप लोअर आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसतो, चाकापाशी नाही. चाक दहा इंच हलले तर शॉकअप सहाच इंच हलतो, असे धरू. मग शॉकअपच्या जोराचाही चाकापाशी साठच टक्के भाग पोचतो. ४०० पौंडांचे २४० होतात आणि दोन्ही बाजूंचे मिळून ४८०. म्हणजे बाहीवर छापलेला किंवा दुकानात सांगितलेला आकडा गाडीला उचलायला जसाच्या तसा मिळत नाही. ब्रॅकेटला मात्र तो पूर्णच सोसावा लागतो.

४८० पौंड कशाच्या तुलनेत, हे फाळाच्या हिशेबातून कळते. या सगळ्या वादात मोजायची हीच गोष्ट आहे आणि नेमकी तीच कोणी मोजत नाही. अर्ध्या-पाऊण टनी वर्गाच्या पिकअपला लागणारा फाळ, त्याची चौकट आणि उचलण्याची यंत्रणा मिळून साधारण ७५० पौंड भरतात असे धरू. हे वजन पुढच्या चाकांवर नसते, त्यांच्या पुढे लटकलेले असते. त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या चार फूट पुढे आणि दोन ॲक्सलमधले अंतर ११ फूट धरू. १९७३ ते १९८७ च्या पिढीतील शेव्हरोलेच्या लांब हौदाच्या पाऊणटनी पिकअपमध्ये ते साधारण एवढेच होते. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर ७५० नव्हे, १,०२३ पौंड चढतात. मागच्या ॲक्सलवरून २७३ पौंड उतरतात. मागची चाके हलकी होऊन घसरू लागतात, ब्रेक लावल्यावर मागचे टोक सैल वाटते आणि पुढचे वाकते. गाडीचे नाक खाली गेलेले दिसते ते या सगळ्याचे केवळ एक लक्षण आहे.

आता हवेचे शॉकअप लावले. स्वतंत्र सस्पेन्शनवर १०० पीएसआयला ४८० पौंड उचलले गेले, म्हणजे गरजेच्या निम्मेही नाही. पूर्ण १,०२३ पौंड उचलायचे तर प्रत्येक बाहीत २१० पीएसआयहून जास्त हवा भरावी लागेल आणि ते मर्यादेच्या बाहेर आहे. १५० वर थांबले तर ७२० पौंड मिळतात. सलग ॲक्सल असेल, जसा त्या जुन्या शेव्हरोलेच्या चारचाकी ओढीच्या गाड्यांत पाट्यांवर होता, तर शॉकअपचा जोर जवळजवळ पूर्ण चाकांना मिळतो आणि गाडी खरोखर उचलली जाते. पण मग प्रत्येक बाजूला ६०० पौंड रात्रंदिवस ब्रॅकेटवर असतात आणि वर सांगितलेल्या तीन इंचांच्या आदळीला ते सोळाशेच्या वर जातात. पहिल्या प्रकारात उपाय अपुरा आहे. दुसऱ्या प्रकारात तो पुरतो आणि म्हणूनच जास्त धोक्याचा आहे.

यातल्या कशानेही ॲक्सलवरचे वजन बदलत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. शॉकअपने नाक वर आले तरी पुढच्या ॲक्सलवर तेवढेच १,०२३ पौंड आहेत आणि मागून तेवढेच २७३ गेलेले आहेत. बेअरिंग, बॉल जॉइंट, टायर आणि ब्रेक यांना शॉकअपची गंधवार्ता नसते. अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवर प्रत्येक ॲक्सलची कमाल मर्यादा छापलेले लेबल असते, ते कायद्याने बंधनकारक आहे. शॉकअप बदलून तो आकडा बदलत नाही. नाक वर आल्याने चालकाला वाटते की गाडीने वजन पेलले, आणि मग तो फाळासोबत आणखी सामान घेतो. त्यापेक्षा हौदाच्या शेवटी, मागच्या ॲक्सलच्या तीन फूट मागे, ६०० पौंडांच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या तर पुढच्या ॲक्सलवरून सुमारे १६४ पौंड खरोखर कमी होतात आणि मागच्या चाकांवर ७६४ चढतात. गाडीच्या एकूण मर्यादेत हे बसते की नाही ते आधी पाहायचे. फाळाचे उत्पादक मागे भार ठेवायला सांगतात ते याच कारणाने. वाळू स्वस्त आहे आणि त्यात गळण्यासारखे काही नाही.

फाळाच्या कामाची आणखी एक बाजू या सल्ल्यात हरवते. फाळ कायम उचललेला नसतो. रस्ता साफ करताना तो जमिनीवर टेकलेला असतो आणि त्याचे वजन बऱ्याच अंशी जमीन घेते. वळताना उचला, पुन्हा टेकवा, असे पाळीभर चालते. हवा फाळ उचललेल्या स्थितीसाठी भरलेली असते. त्यामुळे तो टेकताच गाडीचे नाक वर उसळते आणि शॉकअप ताणाच्या टोकाकडे सरकतो. फाळाची चौकट जमिनीपासून किती उंचीवर असावी हे ठरलेले असते, तेही बिघडते. ताठर स्प्रिंगचे असे होत नाही. दोन्ही बाजूंचा मिळून मूळ ताठरपणा इंचाला ७०० पौंड असेल तर १,०२३ पौंडांना नाक जवळजवळ दीड इंच बसेल. १,००० पौंडांच्या स्प्रिंगवर एकच इंच बसेल आणि फाळ टेकला की तेवढेच उठेल. स्प्रिंगने वर-खालीचा पल्लाच आखूड होतो. हवेने मुख्यतः तो पल्ला वर सरकतो.

थंडीचा मुद्दा फाळवाल्या गाडीला सोडत नाही. २१ अंश सेल्सिअसच्या गॅरेजमध्ये १०० पीएसआय भरलेली हवा उणे १८ अंशांच्या रात्री, जराही न गळता, ८५ वर येते. म्हणजे ज्या रात्री काम आहे त्याच रात्री उचल कमी. खरे तर गळतीही असतेच. पातळ नायलॉनची नळी, छोटे ओ-रिंग आणि कडाक्याच्या थंडीत कडक होणारे रबर यांची ती जोडणी आहे. एका बाजूची हवा गेली की गाडी त्या अंगाला कलते, स्टिअरिंग ओढते आणि हेडलाइट एका बाजूला झुकतो. मागच्या बाजूला अशी गळती गैरसोय असते. पुढे ती वळण आणि ब्रेक यांच्याशी जोडलेली असते.

दोन्ही शॉकअप एकाच नळीवर, टी जोडून, चालवण्याची पद्धत तर पुढच्या बाजूला मुळीच नको. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, बाहेरची बाही दाबली जाते आणि तिच्यातली हवा नळीतून आतल्या बाहीत जाते. जिथे आधार हवा तिथून तो निघून नको तिथे जातो. ज्यांना हवा भरायचीच आहे त्यांनी दोन वेगळ्या झडपा ठेवाव्यात. तरीही वर मांडलेला बाकीचा हिशेब बदलत नाही.

पुढे जागाही अपुरी असते. मागे शॉकअपभोवती मोकळी हवा असते. पुढे एका बाजूला ड्राइव्ह शाफ्ट, दुसरीकडे कॉइल किंवा टॉर्शन बारचे हात, वर एक्झॉस्टची उष्णता आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर जवळ येणारे टायर असतात. फुगलेल्या बाहीचा घेर साध्या शॉकअपहून मोठा. बाही एकदा घासायला लागली की तिचे आयुष्य उरत नाही. उंची वाढल्यावर लोअर आर्मचा कोन बदलतो आणि चाकांचा कॅम्बर व टो बिघडतो. शाफ्टच्या जॉइंटवरचा कोनही वाढतो. हवेचा दाब आज शंभर, उद्या साठ असा बदलत राहिला तर अलाइनमेंट कोणत्या उंचीसाठी करून घ्यायचे, याला उत्तर नाही. हवा हवी तेव्हा भरता येते, हा समर्थकांचा आवडता गुण आहे. मागे तो खरोखर गुण आहे, कारण बहुतेक पिकअपच्या मागच्या सरळ ॲक्सलवर उंची बदलल्याने चाकांची दिशा फारशी बदलत नाही. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनवर तोच गुण टायर खातो.

कारखानेच हवा वापरतात मग मालकांनी का वापरू नये, असाही प्रश्न केला जातो. उदाहरणे खरी आहेत. कॅडिलॅकने १९६५ मध्ये फ्लीटवुडला स्वयंचलित उंची राखणारी हवेची यंत्रणा दिली. पण ती मागच्या शॉकअपवर होती, कारण मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान येते-जाते. १९५७ ची एल्डोराडो ब्रॉएम चारही चाकांवर हवेवर चालायची. तिथे हवा स्प्रिंगच्या जागी आणि स्प्रिंगच्या बसणींवर होती. तरीही गळतीला कंटाळून अनेक मालकांनी पुढे तिच्यात कॉइल बसवून घेतल्या. २०१३ पासून रॅम १५०० ला चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगचा पर्याय मिळतो आणि पुढे ती हवा शॉकअपभोवतीच असते. हे उदाहरण सर्वांत जवळचे म्हणून पुढे केले जाते, आणि तेच समर्थकांच्या विरुद्ध जाते. त्या गाडीत पुढे कॉइलही शॉकअपभोवतीच बसते, म्हणजे शॉकअपचे वरचे टोक पहिल्यापासून गाडीचे वजन घेण्यासाठी बांधलेले आहे. कॉइलच्या जागी हवा आली, रस्ता तोच राहिला. २००४ पासूनची फोर्ड एफ-१५० आणि २००७ पासूनची शेव्हरोले सिल्व्हेराडो १५०० यांचीही पुढची रचना अशीच, कॉइल शॉकअपवर. भारतात मिळणाऱ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स यांचीही पुढची रचना याच जातीची आहे. अशा गाडीत शॉकअपची ब्रॅकेट भार घ्यायला समर्थ आहे, पण तिथे कॉइल आधीच असल्याने बाहीच्या शॉकअपला जागा नाही. जिथे जागा आहे, म्हणजे कॉइल, पाटे किंवा टॉर्शन बार वेगळे आहेत, तिथे ब्रॅकेट त्या भारासाठी नाही. युक्तिवाद कोणत्याही बाजूने धरला तरी उभा राहत नाही.

हवेच्या शॉकअपची लोकप्रियता मुळात मागच्या टोकातून आलेली आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत तरुण मंडळी गेब्रिएल कंपनीचे हायजॅकर्स नावाचे हवेचे शॉकअप मागे लावून गाडीचे बूड उचलायची, म्हणजे रुंद टायर बसायचे. ट्रेलर ओढणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांनाही ते उपयोगी पडले. मध्यम भार, अधूनमधून, मागे: या चौकटीत ती वस्तू प्रामाणिकपणे काम करते. तिला पुढे नेऊन कायमचा भार तिच्यावर टाकणे हा वापराचा दोष आहे, वस्तूचा नाही.

नायट्रोजन भरलेल्या गॅस शॉकअपची आणि या बाहीवाल्या शॉकअपची सरमिसळ केली जाते, ती थोडक्यात दूर करायला हवी. एकाच नळीच्या, दाबाखाली नायट्रोजन असलेल्या शॉकअपमागे फ्रेंच अभियंता द कार्बों यांचे काम होते आणि १९५० च्या दशकात बिलस्टाइनने ती रचना मर्सिडीजच्या गाड्यांवर आणली. त्यातला गॅस तेलाला फेस येऊ देत नाही. तो शॉकअप किंचित वर ढकलतो, पण तो रेटा थोडाच, भार पेलण्यासाठी नव्हे. पुढे चांगला गॅस शॉकअप लावण्याला काहीही हरकत नाही. आक्षेप आहे तो शॉकअपला स्प्रिंग बनवण्याला.

वर्षानुवर्षे वापरले, काही झाले नाही, हा शेवटचा आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा पुरावा. तो खोटा म्हणायचे कारण नाही. फाळवाली गाडी बहुतेक वेळ पार्किंगच्या आवारात, मंद गतीने चालते आणि वर्षात मोजक्याच रात्री. इतक्या कमी आदळींत ब्रॅकेट टिकते. पण धातूचा थकवा आदळींच्या संख्येवर जातो आणि चीर दिसेपर्यंत त्याचा बराचसा प्रवास झालेला असतो. तीच गाडी नंतर कोणी विकत घेतो, महामार्गावर दररोज चालवतो आणि शॉकअपमध्ये हवा तशीच असते. पहिल्या मालकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

मग करायचे काय? आधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. अमेरिकेत ट्रक स्टॉपवरचे काटे प्रत्येक ॲक्सलचे वजन वेगळे छापून देतात. फाळासह आणि फाळाशिवाय, दोन्ही चिठ्ठ्या दाराच्या चौकटीवरच्या आकड्याशी ताडून पाहाव्यात. पुढचे वजन मर्यादेबाहेर असेल तर कोणताही सुटा भाग त्याला वैध करत नाही. हलका फाळ घ्यावा, मागे भार ठेवावा किंवा गाडीच बदलावी. नवी गाडी घेतानाच फोर्ड आणि जीएम फाळासाठी तयार केलेला संच देतात, त्यात पुढे जास्त ताठर स्प्रिंग येतात. जीएमच्या पर्यायांच्या यादीत त्याचा कोड व्हीवाययू आहे.

वजन मर्यादेत असून नाक बसलेले असेल तर उंची मोजावी, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी, आणि मूळ आकड्याशी ताडावी. रिकाम्या गाडीतही उंची कमी असेल तर स्प्रिंग थकलेली आहे आणि ती बदलण्याला पर्याय नाही. थकलेल्या स्प्रिंगला शॉकअपने टेकू देणे म्हणजे रोग तसाच ठेवणे. टॉर्शन बारच्या गाड्यांत बोल्ट फिरवून उंची वाढवता येते आणि जीएमच्या जड पिकअपमध्ये ही सोय आजही आहे. पण बोल्ट फिरवल्याने बारचा ताठरपणा वाढत नाही, फक्त सुरुवातीची उंची बदलते. त्यामुळे तोही थोड्या दुरुस्तीचाच मार्ग, भार वाढवण्याचा नव्हे. कमानीच्या गाड्यांत पाटा वाढवणे हा जुना आणि योग्य मार्ग आहे. महाराष्ट्रातल्या गॅरेजांमध्ये मालवाहू गाडीला जास्तीचा पाटा टाकतात तेव्हा तत्त्व हेच असते: भार कमानीच्याच बसणीवर राहतो. इथेही नोंदणीतल्या वजनाची मर्यादा त्याने वाढत नाही.

अधूनमधूनच्या भारासाठी दोन उपाय हवेच्या शॉकअपहून सरस आहेत. पहिला, बंप स्टॉपच्या जागी बसणारे पोकळ रबरी स्प्रिंग. टिम्ब्रेन ही त्यातली जुनी ओळखीची कंपनी. रिकाम्या गाडीत ते जवळजवळ निष्क्रिय असतात. नाक बसू लागले की टेकतात आणि जोर थेट चासीच्या त्या जाड जागेवर देतात जी आदळ घेण्यासाठीच आहे. दुसरा, कॉइलच्या पोटात बसणारी हवेची पिशवी. १९४९ मध्ये मिशिगनात सुरू झालेल्या एअर लिफ्टने हा प्रकार रूढ केला. हवेची गळती आणि थंडी यांचे दोष तिच्यातही आहेत, पण भार स्प्रिंगच्याच बसणींवर जातो, शॉकअपच्या कानावर नाही. पिशवी गाडीच्या अचूक मॉडेलसाठीची घ्यावी आणि पुढच्या कॉइलमध्ये ती चालते असे उत्पादकाने सांगितले असेल तरच बसवावी.

आधीच हवेचे शॉकअप बसवलेली गाडी हाती आली असेल तर पहिल्यांदा हवा किमान मर्यादेपर्यंत उतरवावी आणि शॉकअप काढून वरखालचे कान वायर ब्रशने साफ करून पाहावेत. वेल्डच्या कडेला चीर असेल तर नुसते वर वेल्ड मारून चालत नाही. चिरीचे टोक शोधून तिथे भोक पाडावे, चीर घासून काढावी आणि मग वेल्ड करून पट्टी द्यावी. लांबट झालेल्या भोकात नवा बोल्ट घट्ट करू नये, कान बदलावा. स्प्रिंग बदलल्यावर त्यांच्या ताठरपणाला साजेसे साधे किंवा गॅसचे शॉकअप निवडावेत, कारण ताठर स्प्रिंगचा उसळा मारायला ताणाच्या बाजूने जास्त दमन लागते. त्यानंतर गाडी एकदोन दिवस चालवून स्प्रिंग बसू द्याव्यात, मग अलाइनमेंट करावे आणि शेवटी हेडलाइटचा कोन दुरुस्त करावा, एकदा फाळासह आणि एकदा फाळाशिवाय तपासून.